खेळायचं तर एकमेकांच्या घरी खेळा, दुबईत काय ठेवलंय?

भारत-पाक मॅच जाहीर झाली की फीडवर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते खेळात राजकारण आणू नका, दुसरी म्हणते तिकडे माणसं मरतायत आणि तुम्हाला चौके-छक्के सुचतायत. दुसऱ्यांचा राग मला कळतो, 26/11 मुंबईने भोगलंय, पहलगामच्या हल्ल्यात मेलेल्यांत डोंबिवली-पुण्याची माणसं होती. पण खेळाने तणाव कमी होतो की नाही यावर भांडताना मॅच कुठे आहे आणि बघायला कोण आलंय हे कोणी विचारतच नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

जानेवारी 1999, चेन्नईच्या चेपॉकवरची भारत-पाक टेस्ट. आठवतंय ना? सचिन दुखरी पाठ घेऊन 136 काढतो, 17 रन्स हवे असताना आउट होतो, उरलेले तिघं 4 रन्समध्ये गारद आणि आपण 12 रन्सनी हरतो. आणि चेन्नईचं पब्लिक उभं राहून पाकिस्तानला टाळ्या देतं, अक्रमची टीम मैदानाला चक्कर मारते. भारी वाटतं आजही. पण पुढच्याच महिन्यात कोलकात्याच्या ईडनला सचिन शोएबला धडकून रनआउट झाला, बाटल्या पडल्या, शेवटी स्टँड रिकामे करून मॅच संपवावी लागली. त्याच फेब्रुवारीत वाजपेयी बसने लाहोरला गेले आणि मे महिन्यात कारगिल. म्हणजे नुसत्या टाळ्यांनी काही थांबत नाही, हे मान्यच करून टाकू.

मग 2004 वेगळं का? कारण तेव्हा क्रिकेट मागून आलं. नोव्हेंबर 2003 मध्ये एलओसीवर शस्त्रसंधी झाली, जानेवारीत वाजपेयी इस्लामाबादला जाऊन मुशर्रफना भेटले आणि मार्चमध्ये टीम गेली. कराचीच्या पहिल्या वनडेत आपण 349, ते 344, शेवटच्या बॉलला मोईन खान आउट, आणि हरूनही कराचीवाले टाळ्या वाजवत होते. मुलतानला सेहवागचे 309 (आणि हो, सचिन 194 वर असताना द्रविडने डाव सोडला, त्यावर आजही दोन तास भांडू शकतो, पण आज नको). माझ्यासाठी मात्र त्या दौऱ्याची खरी गोष्ट मैदानाबाहेरची आहे. आपल्या हजारो साध्या लोकांना व्हिसा मिळाला, लोक वाघा ओलांडून लाहोरला गेले, आणि तिथले दुकानदार, टॅक्सीवाले पैसे घेत नव्हते अशा बातम्या रोज यायच्या. तोवर टीव्हीवरच पाहिलेला शत्रू समोर चहा घेऊन उभा, हे कुठल्या परिषदेत होत नाही!

अमेरिका-चीनच्या पिंगपाँगचं उदाहरण सगळे देतात. 1971 मध्ये अमेरिकेचे टेबल टेनिसवाले चीनला गेले आणि बर्फ वितळलं वगैरे. पण दोन्ही सरकारांची आतून चाचपणी आधीच चालू होती, खेळाडूंचं जाणं हे फक्त पहिलं उघड निमित्त ठरलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी जुलैत अमेरिकन अध्यक्ष निक्सनचे सल्लागार किसिंजर गुपचूप बीजिंगला पोचले ते पाकिस्तानातूनच, पोट बिघडल्याचं सोंग करून. पण तिथेही माणसं त्यांच्या देशात गेली, तिसऱ्या गावात नाही भेटली.

आता आपलं बघा. 2012-13 नंतर द्विपक्षीय सीरिज नाही, पण आयसीसीच्या स्पर्धा आणि आशिया कप चालू, कारण या एका मॅचवर जाहिरातींचा केवढा पैसा उभा राहतो. 2025 च्या आशिया कपला दुबईत आपल्या टीमने हस्तांदोलन केलं नाही, फायनल जिंकून ट्रॉफी घेतली नाही कारण ती देणार होते पाकिस्तानचे मंत्री आणि तेव्हाचे आशियाई क्रिकेट परिषदेचे प्रमुख मोहसिन नक्वी. बरोबर की चूक ते सोडा, पण अशा मॅचमधून विखार सोडून मिळालं काय? कोणी कोणाच्या गल्लीत गेलं नाही, कोणी कोणाच्या घरचं जेवलं नाही.

आपला भालाफेकपटू नीरज चोप्रा आणि पाकिस्तानचा अर्शद नदीम यांचंच घ्या. पॅरिस ऑलिंपिकला अर्शदने 92.97 मीटर टाकून गोल्ड नेलं आणि नीरजची आई म्हणाली तोही आपलाच मुलगा. त्याच नीरजने पुढे अर्शदला बंगळुरूच्या स्पर्धेला बोलावलं, तेवढ्यात पहलगाम झालं आणि आपल्या लोकांनी नीरजच्या घरच्यांनाही सोडलं नाही. वातावरण पेटलेलं असताना एकट्या खेळाडूने काय काय ओढायचं?

म्हणून माझं सरळ मत, संबंध तोडायचे तर पूर्ण तोडा, आयसीसीतही खेळू नका, पॉइंट गेले तर जाऊ देत. आणि सरकारला कधी बोलावंसं वाटलंच तर टीमच्या आधी प्रेक्षकांचे व्हिसा काढा, एक टेस्ट लाहोरला ठेवा, एक वानखेडेला. 1991 ला पाकिस्तानशी मॅच नको म्हणून वानखेडेचं पिच खणलं होतं, माहितीय, बंदोबस्त जबरदस्त लागेल, लागू दे.