संदर्भ हवा

भाचीला शाळेत प्रोजेक्ट मिळाला की ताप मामाला येतो, हा आमच्या घरचा जुना रिवाज. या वेळी विषय होता ‘आपले गाव’, दोन पानं, फोटो चिकटवायचे आणि खाली बाईंची सूचना, संदर्भ देणे आवश्यक. ताईने फोनवरच सांगून टाकलं, तू दिवसभर कॉम्प्युटरवरच असतोस ना, पाच मिनिटांचं काम आहे. ज्या कामाला कुणी पाच मिनिटांचं म्हणतं ते आख्खा रविवार खातं हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

मराठी विकिपीडियावर आमच्या गावाचं पान आहे. आहे म्हणजे सातबाऱ्यावर चुलत्याचं नाव असतं तसं आहे. गाव अमुक जिल्ह्यातल्या तमुक तालुक्यात आहे हे पहिलं वाक्य, मग ‘हवामान’, त्यात पावसाळ्यात पाऊस पडतो आणि हिवाळ्यात थंडी असते. ‘लोकजीवन’ असं ठसठशीत हेडिंग आणि खाली काहीच नाही. ‘प्रेक्षणीय स्थळे’, तिथेही शुकशुकाट. शेजारच्या गावाचं पान उघडलं तर तोच पाऊस, तीच थंडी. भाची म्हणाली, "मामा, एवढं तर मी पण लिहिलं असतं."

मजकूर होता तो ‘प्रसिद्ध व्यक्ती’मध्ये. एकच नाव, त्यापुढे ‘युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी’. वाचता वाचता डोळ्यासमोर फ्लेक्सच उभा राहिला, गॉगल, कानाला फोन, खाली शुभेच्छुकांची मुंडकी. मी वरच्या ‘इतिहास पहा’वर क्लिक केलं (हे बटण लोक दाबत नाहीत, खरी करमणूक तिथेच असते). रात्री दोनला एकाने ‘कैवारी’ टाकलंय, सकाळी दुसऱ्याने उडवलंय, दुपारी पहिल्याने परत टाकून वर ‘धडाडीचे’ वाढवलंय. ग्रामपंचायतीचं इलेक्शन होऊन दोन वर्षं झाली, इथे मोजणी चालूच.

आणि मग एक वाक्य सापडलं. वनवासात असताना भीमाने गावाबाहेरचं तळं एका रात्रीत खोदलं, पण कोंबडा आरवल्यामुळे एक बाजू अर्धवट राहिली. बाकी सगळ्या पानावर ‘संदर्भ हवा’ या शेऱ्याची रांगोळी, पण या वाक्याच्या शेपटीला चक्क निळा, कंसातला एक आकडा! संदर्भ! मी भाचीला म्हटलं, लिही.

"काय लिही?" मागून बाबा. बाबा म्हणजे निवृत्त शिक्षक, त्यांच्या कपाटात विश्वकोशाचे खंड आहेत आणि विकिपीडियाला ते चावडीवरचा फळा म्हणतात, येणारा जाणारा खडू मारून जातो म्हणून. "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे? बहात्तरच्या दुष्काळात खोदलंय ते तळं. माझी आई तिथे कामाला जायची, मी डबा घेऊन जायचो, लाल मिलोची भाकरी असायची. दुपारी सुकडी वाटायचे तिच्यासाठी लाईनीत कोण उभं राहायचं? भीम?"

आता मला राग आला, कारण एकतर रविवार जात होता. मी म्हटलं, बाबा, २००५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते, विकिपीडियात लेखामागे साधारण ४ चुका निघाल्या आणि तुमच्या त्या ब्रिटानिका ज्ञानकोशात ३. बाबा म्हणाले, "त्या ब्रिटानिकावाल्यांनी नंतर आक्षेप घेतला होता, ते पण सांग की." हे त्यांना कुठून माहीत ते मी विचारलं नाही. मग मी विश्वकोशावर घसरलो, जुन्या खंडांत गावांची लोकसंख्या १९७१ ची, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा पत्ता नाही. "पहिला खंड १९७६ चा आहे," बाबा शांतपणे, "जिल्हा झाला १९८१ ला. संपादक तर्कतीर्थ काय ज्योतिषी होते?"

"बरं, मग चांगला लेख ओळखायचा कसा तुमच्यात?" त्यांनी मुलाखत घेतल्यासारखं विचारलं. मी बोटांवर मोजायला लागलो. लेख भरपूर लांब पाहिजे, भाषा थंड पाहिजे, कैवारी वगैरे नको, खाली पुस्तकांचे संदर्भ पाहिजेत, इंग्रजीत तर चांगल्या लेखाला हिरवा बिल्लापण मिळतो. आणि बोलता बोलता मला डिचोली आठवलं. गप्प बसायला हवं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

२००७ मध्ये कुणीतरी इंग्रजी विकिपीडियावर ‘बिचोलिम कॉन्फ्लिक्ट’ नावाचा लेख टाकला, म्हणजे आपल्या गोव्यातली डिचोली. १६४० ते ४१, पोर्तुगीज विरुद्ध मराठा साम्राज्य, जवळजवळ साडेचार हजार शब्द, लढाया, तह, खाली पुस्तकांची यादी, भाषा एकदम थंड. दोन महिन्यांत ‘चांगला लेख’ हा बिल्ला लागला. आणि २०१२ च्या डिसेंबरात एकाने ती पुस्तकं शोधायला घेतली तर पुस्तकंच नाहीत, युद्ध पण नाही, सगळी थाप. पाच वर्षं बिल्ला लावून बसलेली.

"१६४०?" बाबांनी चष्मा काढला. "महाराज दहा वर्षांचे! साम्राज्य कुणी काढलं, शाळेतल्या पोरांनी?" नंतर ते इतके खूश झाले की स्वतः उठून आत चहा सांगून आले.

"आता तुझ्या त्या निळ्या आकड्यात काय आहे बघ." मी क्लिक केलं. एका वर्तमानपत्राची यात्रा विशेष पुरवणी. भीम, कोंबडा, तळं, सगळं होतं, आणि शेवटी, ‘अशी माहिती गावातील जाणकार निवृत्त शिक्षकांनी दिली’. आमच्या गावात निवृत्त शिक्षक दोनच, त्यातले एक मुलाकडे पुण्याला गेले त्याला आठ वर्षं झाली. मी बाबांकडे बघितलं. भाचीने पण बघितलं. बाबा कपाटातले खंड नीट लावायला लागले, ते नीटच होते.

"अरे, पोरगा उन्हातानाचा आला होता. म्हणे काहीतरी रंगतदार सांगा यात्रेचं. चहा होईपर्यंत सांगितलं. हा छापेल असं मला काय माहीत!"

मी लॉगिन करून भीमाला काढलं आणि १९७२ चा दुष्काळ घातला, मिलो आणि सुकडीसकट. दोन तासांनी बघतो तर कुण्या जाणत्या संपादकाने माझा बदल उलटवलेला, कारण, संदर्भ नाही. भीम परत तळ्यात. चर्चा पानावर जाऊन मी लिहिलं की माझी आजी तिथे खडी फोडत होती, तर उत्तर आलं, अगदी नम्र होतं हो, की कृपया प्रकाशित स्रोत द्यावा. माणूस बरोबरच होता, त्याला आजी कशी दिसणार, त्याला पुरवणी दिसत होती. बाबा म्हणाले, त्या बातमीदार पोराला परत चहाला बोलावू का?

भाचीने मात्र दुष्काळच लिहिला. शेवटी आखलेल्या रेघेखाली तिने घोटीव अक्षरात काढलं, ‘संदर्भ: आजोबा’.

गुरुवारी वही परत आली. दहापैकी सात. आजोबांभोवती लाल गोल आणि शेजारी बाईंचा शेरा, पान क्रमांक लिहिला नाही.