भुंकला का?

ठाण्यातला उपवन तलाव मागे टाकून येऊरच्या डोंगराचा चढ लागला की माझ्या सायकलचा वेग ताशी आठ किलोमीटर होतो. कुत्रा मागे लागला तर जोरात पेडल मारून निसटायचं, असा सल्ला देणारी माणसं सपाटीवर राहत असावीत. चढावर माझ्यामागे लागलेला कुत्रा धावत नाही, चालतो. मध्येच थांबून खांब हुंगतो, मान खाजवतो आणि चार ढांगांत पुन्हा माझ्या पोटरीशी हजर.

मी त्याचं नाव नाकेदार ठेवलं होतं. मुंबईच्या वेशीवरचे टोल २०२४ च्या ऑक्टोबरात छोट्या गाड्यांना माफ झाले, याचा नाका मात्र चालूच. रंग तांबूस, एका कानाचं टोक कापलेलं. म्हणजे नसबंदी करून, लस टोचून, नियमाप्रमाणे जिथून उचलला तिथेच आणून सोडलेला. त्या वळणावरचा त्याचा हक्क असा कागदोपत्री पक्का होता. माझ्या इमारतीला अजून भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नाही.

सोसायटीत विषय काढला आणि सल्ल्यांची रांग लागली. काठी ठेवा, म्हणाले. हँडल कुठल्या हाताने धरायचं ते कोणी सांगेना. बाटलीतल्या पाण्याची पिचकारी मारा, म्हणाले. मारली. एप्रिल महिना होता, त्याने तोंड वासलं. वर पोचेपर्यंत मी तहानेने कासावीस आणि तो ताजातवाना. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते म्हणतात. आमच्याकडे कुत्राच मागे होता, आणि भाकरी म्हणजे मी.

शेवटी शेजारचे काका म्हणाले, "अहो, दगड उचलल्यासारखं नुसतं वाका. आपल्याकडचा कुठलाही कुत्रा पळतो." हे खरंच आहे, लहानपणी आम्हीही तेच करायचो. पण लहानपणी माझे बूट पेडलला अडकवलेले नसत. मी वाकलो, सायकलही माझ्याबरोबर वाकली आणि आम्ही दोघं डांबरावर आडवे झालो.

नाकेदार थबकला. पळणारी वस्तू पळायची थांबल्यावर पुढे काय करायचं हे त्यालाही ठाऊक नसावं. त्याने मागचं चाक हुंगलं, त्यावर पाय वर केला, आणि जाता जाता माझा मोजा ओढून पाहिला. पोटरीवर एक लाल रेघ उमटली. रक्त नाही.

रानभाज्यांची पाटी घेऊन उतरणारी एक आजी हे सगळं बघत होती. "हाड!" एवढंच म्हणाली, तेही पाटी सावरत. तो कडेला जाऊन बसला. "तू पळतोस म्हणून तो पळतो, बाबा. उतरायचं, सायकल मधे धरायची, चालायला लागायचं." दीड वर्षात मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सायकलवरून उतरायचं, हा सल्ला सायकलवाला सायकलवाल्याला देतच नाही. लाज वाटते.

बंगल्याचा वॉचमन जखमेत भरायला मिरचीपूड घेऊन आला. त्याला हात जोडले आणि त्याच्याच नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं पाय धुतला. घरी आई "पोटात चौदा" एवढंच बोलून मटकन खाली बसली. ते दिवस गेले. सरकारी दवाखान्यात आता दंडावर टोचतात, दोन्ही दंडांत एकेक, दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. पहिल्या दिवसाला शून्य म्हणतात, इमारतीच्या तळमजल्यासारखं.

"कान कापलाय म्हणजे लस दिलेली असणार ना?" बायकोने विचारलं.

"कधी दिली ते कानावर लिहिलंय का?" डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनं चुकवायची नाहीत. शिवाय दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. आजारी पडला, मेला किंवा दिसेनासा झाला तर लगेच या."

म्हणजे ज्याला चुकवायला मी पहाटे पाचला निघायचो, त्याचीच आता रोज हजेरी घ्यायची. दुसऱ्या दिवशी तो झोपलेला दिसला, मी पोट हलेपर्यंत उभा राहिलो. चौथ्या दिवशी नुसताच बसून होता, भुंकलाच नाही. घरी फोन केला. "मलूल आहे का?" बायकोने विचारलं. कुत्र्याचा चेहरा इतक्या बारकाईने मी कधी वाचला नव्हता.

सहाव्या दिवशी नाका रिकामा. येऊरच्या जंगलात बिबटे आहेत आणि भटकी कुत्री त्यांना फार आवडतात, हे ठाण्यात पोरांनाही माहीत असतं. आजी भेटली. "रात्री पाड्यावर आला होता वाघ," ती सहज म्हणाली. (तिथे बिबट्याला वाघच म्हणतात.) माझ्या पाचावर धारण बसली. त्या मुक्या जिवासाठी, असं लिहायला आवडलं असतं, पण मनात अठ्ठावीस हा आकडाच घुमत होता. हेल्मेट घातलेला बावन्न वर्षांचा मी, हातात सायकल धरून बंगल्या-बंगल्यांच्या फाटकांशी "यू यू, यू यू" करत हिंडलो. दोन फिरायला आलेल्या बायकांनी रस्ता बदलला.

वॉचमनच्या खोपटामागून आधी कापलेला कान दिसला, मग बाकीचा नाकेदार. मला ओळखून तो जीव तोडून भुंकत अंगावर आला. मी सायकल मधे धरली, जागचा हललो नाही आणि फोन लावला.

"भुंकला का?"

"भुंकला."

"नीट?"

"अगदी नीट," मी म्हणालो आणि तिला ऐकू यावं म्हणून फोन त्याच्याकडे धरला.