पन्नास मणी आणि पाच टोमणे

आमच्या वसईत रात्री आठच्या सुमारास ख्रिस्ती माणसाच्या घरी जायचं असेल, तर गुडघ्यांची तयारी ठेवून जावं. चहा नंतर मिळेल, आधी रोझरी, म्हणजे येशूची आई मरिया हिची माळेच्या मण्यांवर म्हणायची प्रार्थना. आता टीव्ही आणि विरार लोकलने बऱ्याच घरांतलं वेळापत्रक विस्कटलंय. आमच्या आईने मात्र दोघांनाही दाद दिलेली नाही. गाडी उशिरा आली तर रोझरी उशिरा. रद्द नाही.

रोझरीची रचना तशी सुटसुटीत आहे. पाच रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग; प्रत्येकाला एक प्रभूची प्रार्थना, दहा नमो मरिया आणि एक त्रैक्याचा गौरव. अर्धी प्रार्थना पुढारी म्हणतो, उरलेली अर्धी बाकीचे. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. शेवटी लितानी, म्हणजे मरियेची नामावळी. हिशेबाने हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत आटपायला हवं. आमच्याकडे पाऊण तास लागतो, कारण आमच्याकडे हेतू असतात.

प्रत्येक रहस्याआधी, ही प्रार्थना कशासाठी हे एकाने सांगायचं, असा आमच्या घरचा रिवाज. जगात शांती नांदावी, आजाऱ्यांना बरं वाटावं, पाऊस वेळेवर पडावा, असे हेतू फादर सांगतात. आई सुरुवात तिथूनच करते. पण तिसऱ्या रहस्यापर्यंत जग मागे पडतं आणि आमचं घर येतं. डोळे मिटून, अत्यंत मवाळ आवाजात ती म्हणते, "जे लोक रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाईल बघतात आणि रविवारी चर्चमध्ये मिस्साला प्रवचन संपल्यावर पोचतात, त्यांच्यासाठी." 'लोक' म्हणजे मी. आता देवासमोर गुडघे टेकलेला माणूस 'आक्षेप आहे' म्हणणार कसा? उलट स्वतःच्याच सुधारणेसाठी दहा नमो मरिया मोठ्याने म्हणाव्या लागतात. वर बायकोचा आवाज त्या दहांपुरता नेमका चढतो.

बायको लग्न होऊन आली तेव्हा अगदी सरळ होती. भाजी खारट झाली तर 'खारट झाली' म्हणायची. असं बोलून आमच्या घरात निभाव लागत नाही, हे तिने लवकरच ओळखलं. हल्ली तिचे हेतू आईच्या तोडीस तोड असतात. आईने 'ज्या सुनांना सुकट निवडायचा कंटाळा येतो' त्यांच्यासाठी प्रार्थना मागितली, की पुढच्याच रहस्याला बायको 'ज्या वडीलधाऱ्यांनी मीठ कमी खावं असं डॉक्टर सांगून थकलेत' त्यांना परमेश्वराच्या हाती सोपवते. मधे बाबा. त्यांचा डोळा पहिल्या रहस्यालाच लागतो, पण झोपेतही त्यांचा अर्धा भाग चुकत नाही. "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" म्हणून ते पुन्हा घोरू लागतात.

मुलगी अकरावीत आहे. तिची शाखा वेगळी; ती बायबलच अंगावर सोडते. कॉलेजच्या सहलीला नाही म्हटलं होतं, त्या आठवड्यात शनिवारी पाचवं रहस्य आलं: बाळ येशू देवळात सापडतो. "येशू बारा वर्षांचा असताना घरी न सांगता तीन दिवस यरुशलेममध्ये राहिला," ती म्हणाली, "मी सांगून जातेय, आणि एकच रात्र." या युक्तिवादाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आईने घाईघाईने प्रभूची प्रार्थना सुरू केली.

गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली घातली. पंधराची वीस रहस्यं झाली. आईला ते मुळीच रुचलं नाही. तिच्या लहानपणापासून गुरुवार आनंदाचा होता. पण त्यातल्या दुसऱ्या रहस्याने, काना गावच्या लग्नाने, तिचं मन वळवलं. तिथे मरिया मुलाला 'द्राक्षारसाचं काहीतरी कर' असं सांगतच नाही. ती फक्त म्हणते, "त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही." बस. काय करायचं ते मुलाने समजून घ्यायचं, आणि तो समजतो. पाण्याचा द्राक्षारस करून, सहा रांजण भरून समजतो! आईची उभ्या आयुष्याची कार्यपद्धती अशी शुभवर्तमानातच सापडली. माझं तर म्हणणं आहे, की टोमण्याला इतकं भक्कम अधिष्ठान दुसऱ्या कुठल्या धर्मात नसेल.

लितानीत मरियेची एकेक बिरुदं येतात, दाविदाचा बुरुज, पहाटेचा तारा, आणि प्रत्येकाला आपण 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं. 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तीन नवी बिरुदं जोडली. गुडघ्यांच्या दृष्टीने मला हे अन्यायाचं वाटलं होतं, पण त्यातलं एक स्थलांतरितांना दिलासा देणारीचं आहे आणि माझा धाकटा भाऊ टोरांटोला आहे. त्या एका ओळीला आईचा आवाज जरा हलतो. तिथे मीही गुडघा बदलत नाही.

हा धाकटा सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर रोझरीला असतो. आमचे रात्रीचे आठ तेव्हा ऑक्टोबरात त्याचे सकाळचे साडेदहा. त्याची अर्धी प्रार्थना समुद्र ओलांडून पोचेपर्यंत आम्ही पुढच्या मण्यावर गेलेलो असतो, त्यामुळे त्याचं 'आमेन' आमच्या 'नमो'वर येऊन आदळतं. पण शेवटच्या आशीर्वादाला तो हटकून थांबतो. रोझरी संपली की लहानांनी मोठ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा, मग घडीभरापूर्वी हेतूंतून कितीही रक्तपात झालेला असो. बायको आईपुढे वाकते, आई तिच्या डोक्यावर हात ठेवते आणि त्याच हाताने तिचा विस्कटलेला केस कानामागे सारते. मग दोघी मिळून सुकट निवडायला बसतात. मला यातलं राजकारण अजून नीट कळलेलं नाही.

गेल्या गुरुवारी धाकट्याने रजा घेतली होती. कानाचं रहस्य आलं. हेतूची पाळी बायकोची. तिने डोळे मिटले आणि अगदी मरियेच्या सुरात म्हणाली, "आपल्या मोरीच्या नळाला पाणी येत नाही."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," आम्ही सगळे म्हणालो. बाबासुद्धा.

चौथा मणी सरकला, आणि टोरांटोहून आवाज आला, "दादा, अजून प्लंबर नाही आणलास?"