बशी उलटी करून पाहताना

जुन्या वस्तूंच्या हौशी गटांत एक मजकूर वरचेवर फिरतो: घरातली जुनी जपानी बशी कशी ओळखावी. त्यातले मुख्य दावे पाच. जपानी पोर्सेलिन म्हणजे चिनी मालाची स्वस्त नक्कल. ‘इमारी’ भांडी इमारी गावात घडली. तळाला चीनच्या मिंग घराण्यातल्या राजाची मुद्रा असली तर वस्तू चिनी. ‘मेड इन जपान’ असलं तर अँटिक. आणि सोनं जास्त तितकी किंमत जास्त. पाचांतला एकही जसाच्या तसा टिकत नाही.

पहिला दावा आपल्याला चटकन पटतो, कारण आपण असल्या सगळ्याच भांड्यांना ‘चिनी माती’ म्हणून मोकळे होतो. सुरुवातीपुरता तो खराही आहे. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर केलेल्या स्वाऱ्यांच्या काळात (१५९२–९८) तिथले कुंभार जपानच्या क्यूशू बेटावर आणले गेले. त्यांच्यापैकी यी साम-प्योंगला १६१६च्या सुमारास तिथल्या अरिता गावाजवळ इझुमियामा इथे पोर्सेलिन ज्यापासून बनतं तो दगड सापडला, असं परंपरा सांगते. पहिली निळी-पांढरी भांडी कोरियन हातांची आणि बरीचशी चिनी वळणाची होती. पण १६४४ला मिंग सत्ता कोसळली, चीनमधून येणारा माल आटत गेला आणि डच ईस्ट इंडिया कंपनी अरिताकडे वळली. १६५९ साली तिने एकदम ५० हजारांहून जास्त नगांची मागणी नोंदवली. दरम्यान काकिएमोन शैली आकाराला आली: दुधाळ पांढऱ्या अंगावर एखादी फांदी, दोन पक्षी, आणि बाकी जागा मुद्दाम मोकळी. जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याला ही भांडी इतकी आवडली की त्याच्या माइसेनच्या कारखान्याने त्यांच्या हुबेहूब प्रती काढल्या. आणि १८व्या शतकाच्या सुरुवातीला चिनी कारखाने युरोपसाठी इमारीच्या नकला करत होते. आता नक्कल कोण कोणाची करतंय?

इमारीचं उत्तर एका ओळीचं आहे. इमारी हे बंदर. भांडी घडत अरिता आणि आसपासच्या भट्ट्यांत, गलबतावर चढत इमारीत, म्हणून नाव बंदराचं.

खरी गंमत तिसऱ्या दाव्यात आहे. अरिताच्या कितीतरी भांड्यांच्या तळाला सहा चिनी अक्षरं असतात, अर्थ असा की ‘महान मिंगच्या छंगह्वा राजवटीत घडवलेले’. छंगह्वाची राजवट १४६५ ते १४८७. तेव्हा जपानात पोर्सेलिन बनतच नव्हतं. पण जुन्या चिनी मालाचा दबदबा एवढा की जपानी कारागीर ती अक्षरं नक्षीसारखी काढत. तेव्हा अक्षरं वाचून थांबू नका. बशी उजेडात तिरपी धरा आणि तळावरून बोट फिरवा. बऱ्याच अरिता भांड्यांच्या तळाला ज्वारीच्या दाण्याएवढे तीन-चार-पाच खरखरीत ठिपके लागतात. भट्टीत रुंद तळ खचू नये म्हणून खाली मातीचे टेकू लावत आणि भाजून झाल्यावर ते तोडून काढत; त्यांचे हे वण. चिनी भांड्यांवर ते सहसा दिसत नाहीत. (नवशिके त्यांना दोष समजून भाव पाडून मागतात, आणि मला मनातून आनंद होतो.) एवढ्यावर वय ठरत नाही, पण गाव कळायला मदत होते.

‘मेड इन जपान’चा दावा तर उलटाच आहे. १८९०च्या कायद्याने अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं बंधनकारक केलं, म्हणून १८९१ पासून ‘निप्पॉन’ (जपानचं जपानी नाव) दिसू लागलं. १९२१ पासून त्या जागी ‘जपान’ मागितलं गेलं. ‘ऑक्युपाइड जपान’ हा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी ताब्याचा शिक्का. म्हणजे इंग्रजी नाव असलेली बशी १७व्या शतकातली नसते.

सोन्याबद्दल. निळा, तांबडा आणि सोनेरी असा भरगच्च इमारी माल मोठ्या प्रमाणावर निर्यातीसाठीच होता. उलट नाबेशिमा भांडी बाजारात विकायला नव्हतीच. अरिताच्या मुलखावर सत्ता असलेल्या नाबेशिमा या सरदार घराण्याच्या ओकावाची इथल्या भट्ट्यांत ती शोगुनला (जपानच्या लष्करी सत्ताधीशाला) आणि इतर सरदारांना नजराणा म्हणून घडत. बहुतेकांवर सोनं नाही, तरी त्यांचं मोल मोठं. उंच पायाभोवती मात्र निळ्या रंगात कंगव्याच्या दातांसारख्या रेघा, सारख्या अंतरावर, हाताने ओढलेल्या.

याच मजकुरात सात्सुमा नावाच्या जपानी भांड्यांनाही पोर्सेलिनमध्ये ढकललंय. निर्यातीची ती मोतिया, बारीक भेगाळलेल्या झिलईची (वरच्या काचेसारख्या थराची) भांडी पोर्सेलिन नव्हेत. दिव्यासमोर धरा: पोर्सेलिनची पातळ कड उजळते, सात्सुमाची नाही.

मजकुरातला शेवटचा सल्ला तेवढा बरोबर आहे: असली भांडी डिशवॉशरमध्ये घालू नका. तांबडा आणि सोनेरी रंग झिलईच्या वर, कमी आचेवर पुन्हा भाजून बसवलेले असतात, ते घासले जातात. झिलईखालचा निळा मात्र तसाच राहतो.