महिन्यांच्या हिशेबापलीकडे
अमेरिकी नौदलातील वैमानिक, पाणबुडी आणि युद्धनौका या तीन शाखांचे प्रशिक्षण एका लेखात निव्वळ महिन्यांच्या हिशेबाने तोलले आहे, ते मला अपुरे वाटते. पाणबुडीवर जाणारा अधिकारी सुमारे सहा महिने अणुऊर्जा शाळेत आणि जवळपास तितकाच काळ प्रशिक्षणाच्या चालत्या अणुभट्टीवर घालवतो; वैमानिकाचीही पायरीपायरीने कसोटी लागते. युद्धनौकांच्या बाबतीत मात्र 2003 मध्ये अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील नवअधिकाऱ्यांचा वर्गातील अभ्यासक्रम बंद करून त्यांच्या हाती चक्क सीडींचा संच देण्यात आला. वाचायचे कधी, तर जहाजावरच्या पहाऱ्यातून सवड मिळेल तेव्हा!

ऑगस्ट 2017 मध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅककेन’ या अमेरिकी युद्धनौकेची तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि 10 नौसैनिक दगावले. सुकाणूचे नियंत्रण नकळत शेजारच्या नियंत्रण-पडद्यावर गेले होते, पण सुकाणूच बंद पडल्याचा समज झाला. त्यातच वेग कमी करताना नौका ढकलणाऱ्या पंख्यांपैकी एकाच बाजूच्या पंख्याचा वेग उतरला आणि नौका डावीकडे वळत राहिली. हा गोंधळ ओळखण्याची सवय सरावयंत्रावर (सिम्युलेटरवर) तज्ज्ञ शिक्षकाच्या देखरेखीखालीच लागते, आणि तीन शाखांची तुलना करायचीच तर ती नेमकी याच मुद्द्यावर व्हायला हवी होती.