आधी ताट, मग रंगपेटी

सोमवारी सकाळी साडेसहाला वहिनीचा मेसेज. वर एक लांबलचक फॉरवर्ड आणि खाली तिची एक ओळ: "ताई, वाचून बघा. बुधवारची अपॉइंटमेंट रद्द करू का?"

माझी भाची सोळा वर्षांची आहे. ॲनोरेक्सियाचं, म्हणजे जेवण टाळत उपाशी राहण्याच्या मानसिक आजाराचं, निदान होऊन आठ महिने झाले. दर बुधवारी डॉक्टर, वजन, कधी रक्त, मग समुपदेशन. त्या एका दिवसासाठी दादा रजा टाकतो आणि वहिनी आदल्या रात्री झोपत नाही. त्यामुळे "रद्द करू का" हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

फॉरवर्डचं शीर्षक: 'औषधाविना खाण्याचे विकार बरे करा! समूह कला-उपचार आणि संवादकौशल्य, फक्त 21 दिवस'. सात मुद्दे, मध्ये मध्ये सूर्यफुलं, शेवटी "एका नामवंत डॉक्टरांच्या अनुभवातून". नामवंत, पण नाव नाही. दोन दिवसांत हाच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर आला. त्यातला एक आमच्या सोसायटीच्या पाणीपुरवठ्याचा ग्रुप आहे.

आधीच सांगते, रंगांशी माझं वैर नाही. मी चित्रकला शिकवते. चार वर्षं एका उपचारकेंद्रात आठवड्यातून एकदा अशाच मुलींच्या गटाबरोबर बसत होते, तिथल्या मानसतज्ज्ञ बाईंच्या हाताखाली. म्हणूनच या फॉरवर्डचा राग जास्त येतो.

मुद्दा पहिला: "हा पाश्चात्त्यांचा, श्रीमंत घरच्या मुलींचा आजार." मग आमच्या घरात कुठून आला? दादा एसटीत नोकरीला आहे. 1995 साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुण मुलींच्या केसेस छापल्या होत्या. जेवण नाकारणं, सतत उलट्या, उतरलेलं वजन, बंद झालेली पाळी. 'मी जाड आहे' ही पुस्तकातली तक्रार मात्र त्यांच्यात ठळक नव्हती. आपल्याकडे मुलगी "पोटात गच्च वाटतं", "जेवण वर येतं" म्हणते आणि घरचे ॲसिडिटीच्या गोळ्या आणतात. आमच्याकडेही पहिले तीन महिने तेच चाललं होतं.

दुसरा मुद्दा अंगणवाडीतल्या मुलालाही पटेल इतका सरळ आहे: "मूळ कारण एकलकोंडेपणा. मुलगी चारचौघांत मिसळायला शिकली की भूक आपोआप परत येते."

इथे थांबू या, कारण सगळा घोळ इथेच आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. महायुद्धानंतर युरोपातल्या उपाशी माणसांना परत कसं खाऊ घालायचं, हे शोधायचं होतं. 36 तरुण पुरुष स्वतःहून आले. शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, वजन सुमारे पाव हिस्सा उतरेपर्यंत. आणि काय झालं? ही माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागली. ताटातल्या घासाचे तुकडे करकरून जेवण लांबवू लागली. ऐन उन्हाळ्यात थंडी वाजते म्हणू लागली. चेष्टामस्करी बंद झाली, मित्र नकोसे झाले, एकटं बसणं बरं वाटू लागलं. त्यांच्यात कुणी 'एकलकोंडा' नव्हता आणि कुणाला बारीकही व्हायचं नव्हतं. उपासमारीने त्यांचं हे केलं. परत खायला मिळू लागल्यावरही मन ताळ्यावर यायला कित्येक महिने गेले.

आता माझ्या भाचीकडे बघा. गेल्या वर्षी गॅदरिंगमध्ये नाचणारी मुलगी आज मैत्रिणीचा फोन उचलत नाही. फॉरवर्ड म्हणतो, फोन उचलायला शिकवा म्हणजे जेवेल. मिनेसोटाची ती 36 माणसं उलटं सांगतात: पोटात अन्न जाऊ द्या, मग फोन उचलण्याचं बोला. आजाराआधीपासून बुजऱ्या असलेल्या मुलीही असतात, त्यांना माणसांत वावरण्याचं शिक्षण नक्की उपयोगी पडतं, हे मान्य. पण उपाशी मेंदूला संभाषणकला शिकवणं म्हणजे ताप उतरण्याआधी परीक्षेला बसवणं.

तिसरा मुद्दा वाचून मात्र हात थरथरले. जसाच्या तसा देते: "वजनकाटा फेकून द्या. रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांच्या फेऱ्यांनी मुलीवर दडपण येते. 21 दिवस फक्त रंग, कागद आणि मैत्रिणी."

हे लिहिणाऱ्याने कधी पोटॅशियमचा रिपोर्ट हातात धरला आहे का? ज्या मुली उलट्या काढतात त्यांचं पोटॅशियम घसरतं आणि त्याने हृदयाचे ठोके चुकतात. बाहेरून काही दिसत नाही. मुलगी हसते, कॉलेजला जाते, गोल नक्षीची मंडलंही सुरेख रंगवते. वजन नेहमीसारखं असलं तरी हे होऊ शकतं, म्हणून "तशी काही बारीक दिसत नाही" या वाक्याला काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट आणखी उफराटी वाटेल. फार दिवस उपाशी राहिलेलं माणूस एकदम भरपूर जेवू लागलं, तर तोच काळ धोक्याचा. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि हृदय, श्वास, सगळंच कोलमडू शकतं. म्हणजे फॉरवर्डमधला चमत्कार खरंच झाला, एकविसाव्या दिवशी भूक धावत आली, तरी त्या दिवशी तपासणी जास्तच हवी! 2011 मध्ये जुने 36 अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा आहे: ॲनोरेक्सियात मृत्यूचं प्रमाण त्या वयाच्या इतरांच्या तुलनेत सुमारे सहापट. आणि यांना काटा फेकायचाय.

काट्याचं दडपण येतं, हे खरं आहे. भाची मंगळवारपासूनच गप्प होते. त्यावर उपाय असतो: डॉक्टरांशी बोलून तिला पाठमोरी उभी करून वजन घेता येतं, आकडा तिला न सांगता. आमच्याकडे दोन महिने तसंच चाललंय.

चौथा: "आईवडिलांनी ताटाजवळ बसू नये, आग्रह करू नये." लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात 1980च्या दशकात नेमकं याच्या उलट सुरू झालं. मुलीला परत जेवतं करायची सूत्रं काही काळ आईवडिलांच्याच हाती द्यायची, दोष न देता. अमेरिकेत 121 किशोरवयीन रुग्णांवर हीच पद्धत एकट्या मुलीच्या समुपदेशनाशी ताडून पाहिली. तो निकाल 2010 मध्ये आला. उपचार संपल्यावर वर्षभराने पूर्ण बऱ्या झालेल्या आईवडिलांच्या पद्धतीत 49 टक्के, एकटीच्या समुपदेशनात 23. वहिनी रोज रात्री पाऊण तास त्या ताटासमोर बसते, मुलगी ओरडली तरी उठत नाही. तिला कुणी फुलं लावून सांगतंय की उठ.

पाचवा आणि सातवा एका दमात: "प्रशिक्षित व्यक्तीची गरज नाही, पंधरा-वीस मुली जमवा" आणि "जोडीला योगासने केल्यास औषधाची गरजच नाही". पंधरा-वीस आजारी मुली, देखरेख नाही, म्हणजे कोण कमी खातंय याची स्पर्धा. मी ती सहा जणींच्या गटात, मानसतज्ज्ञ समोर असताना पाहिली आहे. योगासनांचं म्हणाल तर ब्रिटनच्या 2017च्या अधिकृत मार्गदर्शिकेत योग, ॲक्युपंक्चर वगैरे या विकारांवरचा उपचार म्हणून देऊ नका, असं स्पष्ट लिहिलंय. व्यायामाचंच वेड लागलेल्या मुलींची तर आणखी वेगळी पंचाईत.

राहिला सहावा: "जे बोलता येत नाही ते चित्रात उतरते." घ्या, हा तुमचा. अर्धा तरी.

आमच्या गटात एक मुलगी होती. पेन्सिलीने एक पेला काढायची आणि खोडायची, कागद फाटेपर्यंत. एके दिवशी मी खोडरबरच काढून घेतलं आणि कागद पाण्यात बुडवून दिला. ओल्या कागदावर निळा रंग टाकला की तो त्याला हवा तिथे जातो, धरून ठेवता येत नाही. ती पाच मिनिटं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हा ऐकतच नाही." आणि हसली. त्यानंतर मानसतज्ज्ञ बाई तिच्याशी अर्धा तास बोलल्या, ते बोलणं एरवी झालं नसतं. पुढच्या आठवड्यात दोघींत एक कागद, एक ब्रश. मागून घ्यायचा, नको म्हणायचं, वाट बघायची. कधी नाटुकली करायचो: लग्नाच्या पंगतीत एक मावशी "अगं, किती वाळलीस!" म्हणते, दुसरी वाढतावाढता "घे गं, एवढ्याने काय होतंय" म्हणते. काय उत्तर द्यायचं? मावशी व्हायला सगळ्याच तयार असायच्या.

पण यातली एकही मुलगी डॉक्टरांच्या तपासणीशिवाय त्या खोलीत बसत नव्हती. ठरलेला नाश्ता झाल्याशिवाय रंगपेटी उघडत नव्हती. ब्रिटनच्या त्याच मार्गदर्शिकेत पहिल्या फळीच्या उपचारांत कला-उपचार नाहीच. 'आर्ट थेरपी' हा शब्द 1942 मध्ये रूढ करणारे एड्रियन हिल स्वतः क्षयाचे रुग्ण होते. सॅनेटोरियममध्ये उपचार घेताघेता चित्रं काढत. रंग मिळाले म्हणून सॅनेटोरियम सोडून घरी निघाले नव्हते.

हा फॉरवर्ड तुमच्याकडे आला आणि घरात अशी मुलगी किंवा मुलगा असेल (हो, मुलगेही असतात), तर तपासण्या चालू ठेवा. कुणाशी बोलायचं ते सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

वहिनीला फोन केला. अपॉइंटमेंट आहे तशीच आहे. मागून भाचीचा आवाज आला: "आत्याला सांग, येताना तो जाड कागद आण." आणेन म्हटलं. दुपारच्या जेवणानंतर.