नेटलोगो खेळणं आहे म्हणे

"नेटलोगो हे पोरांचं खेळणं. नियम तेच असतील तर निकाल कुठल्याही टूलकिटमध्ये तोच येतो, मग बघायचा फक्त वेग. मेसन किंवा रीपास्ट घ्या." एजंट-आधारित सिम्युलेशनकडे (ठरावीक नियमांनी वागणारे अनेक 'एजंट' संगणकावर सोडून एकत्र काय घडतं ते पाहणं) वळणाऱ्या प्रत्येक नवख्याला हा सल्ला मिळतोच. नेटलोगो, मेसन, रीपास्ट ही त्यासाठीची टूलकिट, म्हणजे तयार सॉफ्टवेअर.

खेळणं? नेटलोगोचा वंश मुलांसाठीच्या लोगो या प्रोग्रामिंग भाषेचा, हे खरंच. उरी विलेन्स्की यांनी १९९९ मध्ये ते रचलं तेही शिकणाऱ्यांना डोळ्यापुढे ठेवून. पण २००६ मध्ये रेल्सबॅक, लिटिनेन आणि जॅक्सन यांनी एकच मॉडेल (नावच 'स्टुपिडमॉडेल') नेटलोगो, मेसन, रीपास्ट आणि स्वार्म या आणखी एका टूलकिटच्या दोन आवृत्त्यांत पायरीपायरीने लिहून पाहिलं. भाषेची सोय आणि दस्तऐवज यांबाबत नेटलोगोचं कौतुक झालं.

"निकाल तोच" हा मात्र घातक गैरसमज. नोवाक आणि मे यांनी १९९२ मध्ये चौकटींच्या पटावर कैद्यांचा पेच (शेजाऱ्याशी सहकार्य करायचं की दगा द्यायचा, हा खेळ) खेळवला. सगळ्या चौकटी एकाच क्षणी बदलत होत्या आणि सहकार्य टिकलं. पुढच्याच वर्षी ह्यूबरमन आणि ग्लान्स यांनी फायद्यातोट्याचे तेच आकडे घेतले, फक्त चौकटी एकेक करून बदलल्या. सहकार्य कोसळलं. (इतर आकड्यांना ते टिकतं, असं नोवाक यांच्या गटाने नंतर दाखवलं, पण क्रमाने फरक पडतो हे उरलंच.) आता टूलकिटकडे या. एजंटांना कामाला लावणारी नेटलोगोची आज्ञा 'आस्क' दर वेळी त्यांचा क्रम पिसते आणि आधीच्याने केलेला बदल पुढच्याला लगेच दिसतो. सगळे एकदम बदलायला हवे असतील तर दोन 'आस्क' लिहावे लागतात: एकात ठरवा, दुसऱ्यात बदला. मेसन-रीपास्टच्या जावा भाषेत एजंटांच्या यादीवर साधा फॉर-लूप फिरवलात (म्हणजे यादी दर वेळी त्याच क्रमाने घेतलीत), आणि एजंट मेंढ्या असतील, तर पहिली मेंढी कायम पहिली चरणार, आणि शेवटची उपाशी का मरते यावर तुम्ही निबंध लिहिणार. टूलकिट निवडताना मी आधी हे तपासतो.

राहिला वेग. मेसनची रचनाच वेगासाठी झाली, त्यात वाद नाही. पण संथपणा बऱ्याचदा आपल्याच हातचा असतो. १०,००० एजंटांपैकी प्रत्येकाने बाकी सगळ्यांचं अंतर मोजलं, तर एका फेरीत सुमारे १० कोटी मोजण्या होतात. मग कुठलंही टूलकिट धापा टाकेल. शोध आसपासच्या चौकटींपुरता ठेवा. एजंटच कोट्यवधी असतील, हाताशी क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक संगणक) असेल, तर खुशाल त्यासाठीच बनलेलं, सी++ मधलं रीपास्ट एचपीसी घ्या. नसतील, तर लॅपटॉपवर बिहेवियरस्पेस (एकच मॉडेल वेगवेगळ्या आकड्यांनी पुन्हापुन्हा चालवणारी नेटलोगोतली सोय) लावून झोपी जा. अनेक कोअर रात्रभर राबतील.